शत्रूचे बळ आणि कथेची पायरी

परग्रहवासीयांच्या आक्रमणावर बेतलेल्या, डावपेचांच्या संगणकीय खेळांत एक जुनी अडचण आहे. अंतराळ ओलांडून आलेला शत्रू पहिल्याच दिवशी सर्व बळ का वापरत नाही? खेळाडूला शिकण्यास अवधी हवा, हे झाले बाहेरचे उत्तर. कथानकाला आतले उत्तर लागते. २०१२ च्या 'एक्सकॉम: एनिमी अननोन'ने ते दिले: आक्रमक मानवजातीची परीक्षा घेत आहेत, म्हणून आव्हान टप्प्याटप्प्याने वाढते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये मात्र हे यंत्रामुळेच घडले. पडद्यावरचे शत्रू घटले की उरलेल्यांची चित्रे लवकर रेखाटली जात आणि ते अधिक वेगाने चालून येत.

वसईची मोहीमही आपण अशाच चढत्या भाजणीने सांगतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, तेव्हा तेथील किल्ल्याचे बांधकाम अपुरेच होते. १७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पांच्या फौजेने आजच्या पालघर जिल्ह्यातील माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी जिंकली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. मे महिन्यात वसई शरण आली.

परंतु वसईच्या तटावर १७३७ मध्येही हल्ले झाले होते, आणि ते फसले होते. सर्वांत अवघड टप्पा आरंभापासून समोर उभा होता; तो शेवटचा ठरला, कारण तो शेवटी सुटला. पोर्तुगीज कोणाची परीक्षा घेत नव्हते. ठाणे गेल्यावर ते सावध झाले. बेसावध शत्रूचा लाभ एकदाच मिळतो. किनाऱ्यावरची ठाणी पडत गेली तसतसा शत्रू घटला, आणि उरलेला निकराने लढला. इतिहासाचे तर्कशास्त्र येथे 'एक्सकॉम'पेक्षा 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या जवळचे आहे.

हा भेद वर्गात सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटते. तारापूर म्हटले की आज १९६९ पासूनचे अणुवीज केंद्र आणि बोईसरचे कारखाने आठवतात. इतिहासात ते वसईच्या अलीकडची एक पायरी होऊन राहते. पण तेथे पडलेल्यांसाठी पुढचा टप्पा नव्हता. त्यांची लढाई तारापूरलाच संपली. पायऱ्या मागाहून कथनकार बांधतो. चढणाऱ्याला समोर केवळ तट दिसत असतो.