आगगाडीची शिदोरी



वाटाघाटींच्या बैठकीत नव्या यंत्राचा विषय निघाला की आम्हांला एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. स्कॉटलंडात 1842 साली विजेचे मोठे इंजिन रुळांवर आले आणि वाफेच्या इंजिनांवरील कामगारांनी पोटावर पाय येईल या भीतीने ते फोडले. तात्पर्य काय, तर तुम्ही लोक प्रगतीचे जुने वैरी! आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; परंतु हा आरोप जिव्हारी लागला, म्हणून आम्ही त्या इंजिनाच्या मागे लागलो. तो माग काढता काढता आम्ही पोचलो ते बागेत धावणाऱ्या छोट्या आगगाडीपाशी.

ॲबरडीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनने 1837 साली आधी एक लहान नमुना केला, आणि पुढे 'गॅल्व्हानी' हे पूर्ण आकाराचे इंजिन. एडिंबरो-ग्लासगो मार्गावर ते ताशी 4 मैल चालले. म्हणजे पायी जाणाऱ्या माणसाने त्याला सहज सोबत केली असती. वीज मिळे ती इंजिनावरच ठेवलेल्या बॅटऱ्यांतून. प्रवाशाने शिदोरी बांधून घ्यावी तशी. पण ही शिदोरी महाग होती. आम्लात बुडवलेले जस्त झिजे तेव्हा वीज मिळे, आणि जस्त संपले की नवे घालावे लागे. पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली ती 1859 साली. कोळशापुढे जस्ताचा खर्च कितीतरी पट. फोडाफोडीची कथा खरी धरली, तरी हातोडा पडण्याआधीच खर्चाच्या वहीने त्या इंजिनाचा निकाल लावला होता. दोष मात्र राहिला हातोड्याच्या माथी!

पुढे सीमेन्सने 1879 साली बर्लिनच्या प्रदर्शनात दुसरी तोड काढली. शिदोरी घरी ठेवली आणि वाटेवरच खानावळ घातली. जनित्र एका जागी, आणि वीज रुळांच्या मधल्या पट्टीतून. मग ती डोक्यावरच्या तारेत गेली. आपल्याकडे 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती याच रीतीने. खेळण्यातल्या गाड्यांनीही रुळांतून वीज घेण्याचा मार्ग धरला. दिवाणखान्यात तो उत्तम चालला.

जर्मनीच्या लेमान कंपनीने 1968 साली 'एलजीबी' ही बागेत चालणारी गाडी काढली. तिच्या दोन रुळांत अंतर 45 मिलिमीटर. उघड्यावर मात्र खानावळीचे हाल सुरू झाले. दव, धूळ, पाला यांनी पितळी रुळांवर थर चढे, सांधे ढिले पडत, वीज चाकांपर्यंत पोचेना आणि गाडी धक्के खात थांबे. मोठ्या रेल्वेत रूळ राखतो तो गँगमन, आणि वेळापत्रकात त्याचे नाव नसते. बागेत तर हौशी मालकालाच गुडघे टेकून रूळ घासावे लागले. श्रम अंगावर आले आणि अक्कल चालू लागली!

त्याने चाकांकडून मोटरीकडे जाणाऱ्या तारा तोडल्या. मोटर तीच ठेवली. बॅटरी इंजिनात किंवा मागच्या डब्यात बसवली. मध्ये फ्यूज, बटण आणि वेग कमीजास्त करणारे रेडिओ-यंत्र घातले. चाकांच्या तारा तोडणे अगत्याचे, नाहीतर बॅटरीची वीज उलट रुळांत उतरते. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली बाजारात आली, तशी ही शिदोरी पुढे हलकीही झाली. रूळ आता केवळ वाट दाखवतात. गंजले तरी गाडी चालते. भार राहिला तो बॅटरी वेळेवर भरण्याचा आणि जुनी झाली की बदलण्याचा.

डेव्हिडसनची कल्पना अशी दीडशे वर्षांनी बागेत फळाला आली. ती फळाला आणली रूळ घासणाऱ्या हातांनी. म्हणून पुढच्या बैठकीत कोणी ती जुनी गोष्ट काढली, तर आम्ही दोनच प्रश्न विचारणार आहोत: जस्ताचा हिशेब कोठे आहे, आणि तुमच्या नव्या यंत्राचे रूळ घासायचे कोणी?