घनता

पदार्थाच्या वस्तुमानाला त्याच्या आकारमानाने भागले की घनता मिळते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती किलोग्रॅम प्रति घनमीटर या एककात मांडतात. व्यवहारात ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर सोयीचे पडते. ४° से. तापमानाला पाण्याची घनता जवळजवळ १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर भरते. एखादा पदार्थ पाण्याच्या किती पट घन आहे हे सांगणाऱ्या एककविरहित संख्येला सापेक्ष घनता म्हणतात. व्याख्या एवढीच, आणि शाळेत ती एका तासात उरकते. खरी अडचण भाजकात दडलेली असते. वस्तुमान तराजू सांगतो. आकारमान नेमके कशाचे आणि कोणत्या स्थितीतले धरायचे, हे मात्र मोजणाऱ्याला आधी ठरवावे लागते. ते न ठरवता काढलेली संख्या अचूक दिसली तरी तिचा अर्थ लागत नाही.

खानदेशात याचे सर्वांत बोलके उदाहरण कापसाचे. कापसाचा तंतू बहुतांशी सेल्युलोजचा असतो आणि त्या तंतूची घनता सुमारे १.५४, म्हणजे पाण्याच्या दीडपट असते. तरीही जिनिंगमधून निघालेली मोकळी रुई पाण्यावर टाकली तर आधी तरंगते, कारण तिच्या ढिगाचे बहुतेक आकारमान तंतूंमधल्या हवेने व्यापलेले असते. ही हवा निघून पाणी आत शिरले की तीच रुई बुडते. इथे तंतूची घनता आणि ढिगाची घनता या दोन वेगळ्या राशी आहेत. प्रेसिंगमध्ये १७० किलोची गाठ बांधताना यंत्र तंतूला हातही लावत नाही, फक्त मधली हवा हाकलते. गाठ मोकळ्या रुईच्या कितीतरी पट घट्ट होते, पण तंतूच्या घनतेपासून ती बरीच दूर राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आल्यावर या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले, त्यामागेही हाच हिशेब होता. मालडब्यात आणि मुंबईहून निघणाऱ्या जहाजात वजनाच्या आधी जागा संपे, म्हणून वाहतुकीचा खर्च ढिगाच्या घनतेवर ठरत असे. विणणाऱ्याला मात्र त्या आकड्याशी काही देणेघेणे नव्हते.

किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड, या जुन्या कोड्याचे ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तरही बारकाईने पाहिले तर थोडे चुकते. हवेत तोलताना प्रत्येक वस्तूला हवेची उत्प्लावकता वर उचलते. किलोभर कापसाचे तंतू सुमारे ०.६५ लिटर हवा बाजूला सारतात, लोखंड सुमारे ०.१३ लिटर. तराजूवर दोन्ही समान भरले तर कापसाचे वस्तुमान प्रत्यक्षात सुमारे ०.६ ग्रॅमने जास्त असते. यात ढिगाचे आकारमान धरायचे नसते, कारण तंतूंमधली हवा आपल्यासारख्याच हवेत तरंगत असते. बाजारात हा फरक कोणी विचारत नाही. कापसातल्या ओलाव्यापुढे तो नगण्य आहे.

भाजक एकदा ठरला तरी तो स्थिर राहतोच असे नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५° च्या आसपास जातो, तेव्हा पेट्रोल प्रसरण पावते. १५° से. ला घनमीटरला ७५० किलो भरणारे पेट्रोल या उन्हात सुमारे २७ किलोने विरळ होते. पंपावरची घनता टँकरच्या चलनातील नोंदीशी ताडताना चालणारा फरक मात्र घनमीटरला फक्त ३ किलोचा आहे. म्हणून हायड्रोमीटरचे वाचन थर्मामीटरसोबतच घेतात आणि तक्त्यावरून १५° ला रूपांतरित करतात. ही दुरुस्ती न करता भर दुपारी घेतलेल्या वाचनावरून भेसळीचा निष्कर्ष काढणारा ग्राहक भांडण जिंकेल, पण पुरावा त्याच्या बाजूने नसेल.

यावर एक आक्षेप साहजिक आहे. घनता जर तापमान, हवा, ओलावा यांच्यामागे धावत असेल, तर तिला पदार्थाचा मूलभूत गुणधर्म का म्हणावे? याचे उत्तर सोन्याच्या बाजारात सापडते आणि जळगावइतके चांगले उदाहरण त्यासाठी दुसरे नाही. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे. ठोस तुकडा मासाभर असो वा १० ग्रॅमचा, ती तीच राहते. वस्तूच्या मापावर ती अवलंबून नाही, हाच तिचा मूलभूतपणा. अटी नेमक्या सांगितल्या की दोन वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या हातांनी केलेले मोजमाप जुळते. २२ कॅरेटच्या दागिन्याला मात्र एकच आकडा नाही: उरलेला भाग तांब्याचा असेल तर घनता सुमारे १७.६ येते, चांदीचा असेल तर सुमारे १८. दागिना पोकळ असेल, त्यात लाख भरलेली असेल किंवा खडे बसवलेले असतील, तर पाण्यात तोलून मिळालेली संख्या सोन्याविषयी काहीच सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. टंगस्टनची घनता सुमारे १९.२५, म्हणजे सोन्याच्या इतकी जवळ की बिस्किटाच्या पोटात टंगस्टन घालून वर सोन्याचा थर दिला तर साध्या तोलाने ते ओळखू येत नाही. मग पाण्यात तोलून घनता काढण्याची आर्किमिडीजची पद्धत फसवी ठरते का? ती ज्या प्रश्नाला उत्तर देते तो प्रश्न वेगळा आहे. घनता जुळली नाही तर ठोस तुकडा शुद्ध सोन्याचा नाही हे निर्विवाद ठरते. जुळली तर शक्यता फक्त उरते. घनतेची कसोटी नकार ठामपणे देते, होकार देताना तिला साक्षीदार लागतो. हॉलमार्कच्या कामात क्ष-किरण प्रतिदीप्ती आणि भट्टीची कसोटी यांचा आधार घेतात तो त्यामुळे. क्ष-किरणही पृष्ठभागाच्या थोड्याच खोलीपर्यंत पाहतात, हे इथे विसरायला नको.

भूभौतिकीत हा विचार उलट्या दिशेने चालतो: तिथे गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकावरून जमिनीखालच्या घनतेचा अंदाज घेतात. तापी खोऱ्यातल्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात बेसाल्टवर गाळाचे जाड थर आहेत. ठोस बेसाल्टची घनता २.८ ते ३.० असते, सच्छिद्र गाळाची त्याहून बरीच कमी. त्यामुळे गाळ जिथे जाड तिथे गुरुत्व किंचित कमी मिळणे अपेक्षित असते. पण एकच गुरुत्व-वाचन थोड्या खोलीवरच्या किंचित फरकानेही समजावता येते आणि खोलवरच्या मोठ्या फरकानेही. वायुबुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला बेसाल्ट तर रासायनिक दृष्ट्या तोच खडक असूनही कमी घन भरतो. धुळे-नंदुरबार भागातल्या डोलेराइटच्या भित्तींची घनता भोवतालच्या ठोस बेसाल्टच्या इतकी जवळ असते की केवळ गुरुत्वावरून त्या वेगळ्या काढणे अवघड जाते. तिथे चुंबकीय मापन जास्त उपयोगी पडते. गाळाची जाडी पक्की करायची तर अखेर विंधनविहिरीच्या थरनोंदी लागतात.