पाचशे पौंडांची खिडकी

हॉस्पिस म्हटलं की आपल्याला आठवतात मॉर्फीन, नर्सेस आणि "आता घरी न्या" म्हणणारे डॉक्टर. पण आजच्या हॉस्पिसच्या मुळाशी आहे एका बाईची कडक श्रद्धा, आणि तिने स्वतःच त्या श्रद्धेला घातलेला आवर. मला हा दुसरा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

सिसिली सॉन्डर्स, जन्म १९१८, इंग्लंड. आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर. १९४५ च्या सुमारास या बाई एकदम कट्टर इव्हँजेलिकल ख्रिश्चन झाल्या. म्हणजे दिसेल त्याला येशू सांगावा अशा पंथातल्या! आणि त्यांच्या वाट्याला पेशंट आला कोण, तर डेव्हिड तास्मा. वॉर्सॉचा ज्यू, लंडनमध्ये वेटर, वय चाळीस, कॅन्सर हाताबाहेर गेलेला, जवळचं कोणी नाही, आणि देवावरचा विश्वास केव्हाच उडालेला.

एकदा त्याने मनाला बरं वाटेल असं काहीतरी ऐकव म्हटलं. बाईंनी पाठ असलेली स्तोत्रं म्हटली (ती बायबलची तशीच ज्यूंचीही, हे बरं झालं). आणखी वाचून दाखवू का म्हटल्यावर तो नको म्हणाला. पुस्तकातलं नको, तुझ्या डोक्यात आणि मनात जे आहे तेवढंच सांग. १९४८ मध्ये तो गेला. जाताना पाचशे पौंड ठेवून गेला, बाईंच्या भावी घरातली एक खिडकी म्हणून. जाण्याआधी आपल्या पूर्वजांच्या देवाशी त्याने आपलं आपण जुळवून घेतलं होतं. बाईंच्या देवाशी नव्हे, हे लक्षात घ्या.

खिडकी मिळाली, घर बांधायला १९ वर्षं लागली. एका सर्जनने सांगितलं, आधी डॉक्टर व्हा, मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच. त्या झाल्याही, १९५७ साली. मग लंडनमध्येच कॅथलिक नन्स चालवत असलेल्या सेंट जोसेफ्समध्ये काम. तिथे त्यांनी मॉर्फीन दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायला सुरुवात केली आणि पेशंट काय बोलतात ते लिहून ठेवलं. एका बाईंना कुठे दुखतंय विचारलं, तर त्या पाठीपासून सुरू होऊन शेवटी "माझं सगळंच बिघडलंय" या अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. त्यातून आली 'टोटल पेन'ची कल्पना: शरीराचं, मनाचं, घरच्यांचं आणि आत्म्याचं दुखणं, सगळं एकात एक गुंतलेलं. नुसत्या गोळीने हा गुंता सुटत नाही, आणि गोळीशिवाय तर नाहीच. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला कसला आलाय परमार्थ!

खरी कसोटी पुढे होती. स्वतःचं हॉस्पिस काढताना ते कोणाचं असावं? बाईंच्या इव्हँजेलिकल मित्रांना ते आपल्या पंथाचं हवं होतं. बरीच वर्षं पत्रव्यवहार, चर्चा, नाराजी झाली. शेवटी ठरलं की पाया ख्रिश्चन, पण दार सगळ्यांना उघडं आणि पेशंटवर धर्माची सक्ती नाही. यात मैत्र्या ताणल्या गेल्या. माझ्या मते बाईंचा सगळ्यात मोठा शोध मॉर्फीनचं वेळापत्रक नसून हाच होता: श्रद्धा काळजी घेणाऱ्याला उशाशी बसायचं बळ देते, पेशंटकडून वसूल करायची ती फी नव्हे. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर उघडलं आणि दाराशी तास्माची साधी काच बसली.

आपल्याकडे हे १९८६ मध्ये पोचलं. वांद्र्याला, माउंट मेरीजवळ, कॅन्सर सर्जन डॉ. लुईस डिसूझांनी शांती आवेदना सुरू केलं, पुढे गोव्यात लोटलीलाही. चालवणाऱ्या नन्स, पेशंट सर्व धर्मांचे. साचा तोच.

बाकी आपल्या मोठ्या हॉस्पिटलांत काय चालतं? अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर बऱ्याचदा 'धर्म' असा रकाना असतो. तो भरून घेतात. आजोबांना शेवटी हरिपाठ ऐकायचाय, की रेडिओवर क्रिकेट, की कोणी नुसतं हात धरून बसायला हवंय, याला रकाना नाही. आयसीयूत भेटायची वेळ मात्र ठरलेली.

असो. सॉन्डर्सबाई २००५ मध्ये कॅन्सरनेच गेल्या, ८७ व्या वर्षी, त्याच सेंट ख्रिस्तोफरमध्ये पेशंट म्हणून.