शिकारी श्वान व त्याचा सांभाळणारा

शिकारी कुत्र्यांची परीक्षा घेण्याची विलायती चाल फार जुनी नाहीं. इंग्लंडांत बेडफर्डशायरमधील साउथहिल येथें इ. स. १८६५ मध्यें पॉइंटर व सेटर या जातींच्या कुत्र्यांची मैदानी परीक्षा झाली, तीच नोंदलेल्या परीक्षांत पहिली समजतात. पाडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हर कुत्र्यांच्या परीक्षा त्यानंतर रूढ झाल्या. रिट्रीव्हरनें बार होतांना स्थिर बसावें, पक्षी कोठें पडला तें ध्यानांत ठेवावें, हुकूम होतांच झुडपांतून वा पाण्यांतून तो शोधून काढावा, आणि दांत न रुतवितां धन्याच्या हातीं द्यावा, असा नियम आहे. या परीक्षांचे दोन प्रकार आहेत. एकांत कुत्र्यांची आपसांत चढाओढ असते. दुसऱ्यांत प्रत्येकास ठरीव कसोटीस उतरावें लागतें. परंतु दोहोंतही कस लागतो तो कुत्र्याचा व त्यास शिकविणाराचा. आपल्या इकडील साधनांत या दोघांपैकीं कोणाची आठवण उरली आहे, हें जालना जिल्ह्याशीं संबंध असलेल्या दोन प्रकरणांवरून पाहूं.

पहिलें प्रकरण ग्रंथाचें. बाराव्या शतकांत या प्रदेशावर कल्याणीच्या चालुक्यांचें अधिराज्य होतें. त्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ शके १०५१ च्या सुमाराचा आहे. पांच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची मांडणी असून राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत श्येनविनोद व मृगयाविनोद यांबरोबर 'सारमेयविनोद' हाहि विषय घेतला आहे. म्हणजे कुत्र्यांचे देशभेद, त्यांचीं लक्षणें व त्यांस शिकारीवर सोडणें हा राजाच्या शास्त्राभ्यासाचा विषय ठरला होता. कुत्र्याची पारख राजानें कशी करावी हें ग्रंथकार सांगतो. पारख होण्याजोगें जनावर रोजच्या मेहनतीनें तयार करणारा मनुष्य मात्र ग्रंथाच्या मागेंच राहतो.

दुसरें प्रकरण मराठेशाहींतील. इ. स. १७०७ मध्यें मोगलांच्या कैदेंतून सुटून शाहूराजे दक्षिणेकडे येत असतां भोकरदन भागांतील पारद (हल्लीचें पारध) येथें गांवच्या पाटलानें त्यांच्या फौजेस अडविलें. झुंजांत लोखंडे पाटील पडला. त्याच्या बायकोनें आपलें मूल राजांच्या पदरीं घातलें. पहिल्याच फत्तेंत लाभलेला म्हणून त्याचें नांव फत्तेसिंग ठेविलें, आणि अक्कलकोटचें भोसले घराणें त्याजपासून चाललें. गांवाच्या नांवावरून शिकारीचा तर्क बांधण्याचा मोह होतो. पण केवळ नामसादृश्य हा पुरावा नव्हे.

याच शाहूंना पुढें सातारच्या वैभवाच्या काळीं शिकारीचा फार नाद होता. वाघाच्या शिकारींत एका कुत्र्यानें त्यांचा जीव वांचविला. तेव्हां त्यास जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफ यानें इ. स. १८२६ च्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. लोकपरंपरा या कुत्र्याचें नांव खंड्या सांगते आणि संगम माहुली येथें त्याची समाधि दाखविते. डफनें ही गोष्ट राजाचा छंद म्हणून सांगितली. आम्हांस ती दप्तराच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची वाटते. कुत्रा जहागिरीचा वसूल घेऊं शकत नाहीं. त्याची पालखी भोयांवांचून हलत नाहीं. सनद झाली असेल तर वसूल घेणारा, शिधा उचलणारा, मुशाहिरा खाणारा कोणी तरी मनुष्य असलाच पाहिजे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना मोडत असे. कारखाना म्हटला कीं हिशेब आला, आणि हिशेबांत माणसाचें नांव येतेंच.

पारदच्या मुलाचें घराणें झालें, खंड्याची समाधि झाली. त्यास वाघासमोर उभें राहण्यास शिकविणाराचें मात्र कांहींच झालें नाहीं. त्याचा शोध सनदांत करूं नये. सनद थोरांची असते. लहान माणूस रोजकीर्दींत, शिध्याच्या यादींत व किरकोळ खर्चाच्या बंदांत सांपडतो.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झाला. तत्पूर्वीं भोकरदन, जाफराबाद, अंबड हा सर्व मुलूख औरंगाबाद जिल्ह्यांत होता, व इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. त्यामुळें येथील देशमुख-देशपांड्यांच्या घरचे कागद पाहतांना मोडीबरोबर फारसी बंदांकडेहि लक्ष द्यावें लागतें. संग्राहक शिक्क्यामोर्तबाचा कागद जपतात आणि हिशेबाचे बंद वाळवीस सोडतात, हा आपला जुना दोष आहे. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, तें योग्यच झालें. पण त्याबरोबर ती विद्या जाणणाऱ्यांची परंपराहि संपत आली. आतां जी साक्ष मिळावयाची ती बहुतेक कागदांतूनच. यास्तव जुना रुमाल सोडतांना कुत्र्याच्या शिध्याची एखादी ओळ दिसली, तर ती क्षुल्लक समजून बाजूस सारूं नये. तिच्याच शेजारीं त्याच्या सांभाळणाराचें नांव असण्याचा संभव आहे.