विजेची घटिका आणि विजेचें मोल

धान्य कणगींत सांठवितां येतें, पाणी तळ्यांत राखितां येतें; म्हणून त्यांचा भाव घटकेघटकेला बदलत नाहीं. विजेची गोष्ट निराळी. कळ दाबतांच दिव्यांत जी वीज जळते, ती त्याच क्षणीं कोठें तरी उत्पन्न व्हावी लागते. यास्तव विजेच्या दरांचा इतिहास हा वस्तुतः वेळेच्या मोलाचा इतिहास आहे. आज घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविणारा गृहस्थ ज्या दरांविषयीं तक्रार करितो, त्यांचें मूळ सव्वाशेंहून अधिक वर्षांमागील लंडनांत सांपडतें.

१८८२ सालीं एडिसनच्या कंपन्यांनीं लंडनांत हॉलबर्न व्हायाडक्ट येथें व न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीट येथें वीजघरें सुरू केलीं. त्यांचें मुख्य काम दिवे लावण्याचें. सायंकाळीं सगळे दिवे एकदम लागत, आणि त्या थोड्या तासांच्या मागणीएवढें मोठें वीजघर बांधावें लागे. दिवसा मात्र त्यांतील बरेंचसें भांडवल निजून राही. या अडचणीचें मर्म जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्यानें १८९२ सालीं एका व्याख्यानांत उलगडून दाखविलें. त्याचें म्हणणें असें कीं, पुरवठ्याचा मोठा खर्च प्रत्यक्ष वीज करण्यांत नसून, गिऱ्हाईक मागेल त्या क्षणीं ती देण्यास सज्ज राहण्यांत आहे. म्हणून सज्जतेचा आकार वेगळा आणि खपलेल्या विजेचा आकार वेगळा घ्यावा. ब्रायटनच्या आर्थर राइट यानें गिऱ्हाइकाची कमाल मागणी नोंदणारें मापक तयार केलें, आणि शिकागोच्या सॅम्युएल इन्सलनें १८९४ सालीं ब्रायटन येथें तें पाहून ती दरपद्धति अमेरिकेंत नेली.

पुढचें पाऊल फ्रान्सनें टाकिलें. मार्सेल ब्वातो या अर्थशास्त्रज्ञानें १९४९ सालीं लिहिलेल्या निबंधांत ऐन गर्दीच्या वेळच्या विजेचा दर कसा ठरवावा, याची उपपत्ति मांडिली. तिला अनुसरून तेथील राष्ट्रीय वीज कंपनीनें १९५६ सालीं मोठ्या कारखान्यांसाठीं ‘हिरवा दर’ काढिला, व १९६५ सालीं घरगुती गिऱ्हाइकांसही रात्रींची वीज स्वस्त दिली. रात्रीं बंबांत पाणी तापवून ठेवावें आणि सकाळीं तें वापरावें, हा त्यांतील सोपा व्यवहार. रात्र स्वस्त व दिवस महाग, हा नियम लोकांच्या अंगवळणीं पडला.

हा नियम सूर्यानें उलटा केला. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकनचा सौर घट जगापुढें ठेविला, तेव्हां त्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें ६ टक्केच विजेंत उतरत असे. चार दशकांनंतर, १९९५ सालीं, कॅलिफोर्निया राज्यानें कायदा करून छपरावरची उरलेली वीज तारांत घालण्याची व तितकीच परत घेण्याची मुभा दिली. दुपारीं दिलेल्या युनिटाबद्दल रात्रीं एक युनिट घ्यावें, असा हा समसमान सौदा. छपरें थोडीं होतीं तोंवर तो चालला. २०१३ सालीं तेथील वीजजाळें सांभाळणाऱ्या संस्थेनें पुढील वर्षांच्या मागणीची आकृति काढिली, ती बदकासारखी दिसली : दुपारीं पोट खालीं गेलेलें, आणि सूर्यास्ताबरोबर मान ताठ वर आलेली. अखेर एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांस त्यांच्या विजेचें मोल ज्या त्या तासाप्रमाणें मिळूं लागलें. जुन्यांस मात्र वीस वर्षांपर्यंतच्या जुन्या शर्ती राखून ठेविल्या.

हिंदुस्थानांतही त्याच वर्षीं केंद्र सरकारनें नियम केला. त्याअन्वयें आठ ‘सौर तासांत’ दर निदान २० टक्क्यांनीं कमी असावा, आणि गर्दीच्या तासांत घरगुती गिऱ्हाइकास तो निदान १० टक्क्यांनीं अधिक असावा. शेतीस यांतून वगळिलें आहे.

येथें हॉपकिन्सनचा सिद्धान्त पुन्हां आठवतो. सौर घराचा मालक तारेंतून वीज थोडी घेतो, पण सायंकाळची सज्जता त्यास पुरती हवी असते. तिचा खर्च त्यानें न दिला, तर तो ज्यास स्वतःचें छप्परच नाहीं अशा शेजाऱ्यावर पडतो. म्हणून वेळेप्रमाणें दर घेणें मूलतः अन्यायाचें नाहीं. परंतु त्यास दुसरीही बाजू आहे. कपडे धुण्याचें यंत्र दुपारीं लावितां येईल. दिवसभर कामावर असलेल्या बाईचा सायंकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा दिव्याखालचा अभ्यास दुपारीं कसा न्यावा? आतां बॅटरीच्या रूपानें विजेलाही कणगी मिळाली आहे. पण ती विकत घेण्याचें सामर्थ्य ज्याच्या जवळ, त्यालाच दुपारची स्वस्ताई सायंकाळपर्यंत राखितां येते.

तात्पर्य, दर ठरविणाऱ्यांनीं दोन गोष्टी सांभाळाव्या. ज्यांनीं एका वचनावर विसंबून छपरावर पैसा घातला, त्यांचें वचन मध्येंच मोडूं नये. आणि ज्यांची सायंकाळ हलविण्याजोगी नाहीं, त्यांच्या पहिल्या गरजेपुरत्या युनिटांस महाग घटिकेचा भार लावूं नये. वेळेचें मोल घ्यावें, पण तें वेळ बदलूं शकणाऱ्यांकडून घ्यावें.