हात पुरत नाही तेव्हा : पूल-स्नूकरमधल्या आधारकाठीचे नियम

मंडळी, मुलचेऱ्यात बसून आपण पूलच्या टेबलाविषयी बोलतोय, याचं काहींना हसू येईल. पण इथल्या कितीतरी पोरांनी पूल खेळलेला असणार, मोबाईलवर. बोटानं रेघ ओढली की शॉट बसतो. त्या पडद्यावर एक अडचण कधीच येत नाही, ती म्हणजे हात न पुरण्याची. आजची गोष्ट त्याच अडचणीची.

कॅरम आपल्या ओळखीचा. त्याचा पट जेमतेम ७४ सेंटिमीटरचा चौरस, आणि स्ट्रायकर आपापल्या रेघेवरूनच मारायचा. लांब हाताला तिथं फारसं काम नाही. स्नूकरचं टेबल मात्र १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. स्पर्धेतलं पूलचं ९ फुटी. पांढरा बॉल मधोमध थांबला की भल्याभल्यांचा हात अपुरा पडतो. टेबलावर चढून मारू म्हटलं तर नियम आडवा येतो : मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले की फाऊल. म्हणजे उंच माणसाचा फायदा, बुटक्याची पंचाईत.

यावरचा उपाय म्हणजे एक लांब काठी. बिलियर्ड आणि स्नूकरवाले तिला रेस्ट म्हणतात, पूलवाले ब्रिज. टोकाला फुलीच्या आकाराचं डोकं असतं, त्याच्या खाचेत क्यू टेकवायची. मध्ये दुसरा बॉल आडवा आला तर उंच पायांचा 'स्पायडर' घ्यायचा. एवढंच यंत्र.

हा खेळ आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही. स्नूकर जमला तो १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून, असं या खेळाचा इतिहास सांगतो. तेव्हा जबलपूर आणि आपला चांदा जिल्हा एकाच मध्य प्रांतात होते. एवढ्यावरून स्नूकर आपला म्हणू नये, हे खरं. पण पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्डचे जागतिक हौशी विजेते झाले, आणि कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक किताब मिळवणारे ते पहिले भारतीय, हे तर आपलंच. टेबल तेच, १२ फुटी.

आता थोडं मागं जाऊ. 'क्यू' हा शब्द फ्रेंच भाषेतल्या शेपटीवरून आला. आधी क्यू नव्हतीच. गदेसारखी, टोकाला जड ठोकळा असलेली काठी होती आणि तिनं बॉल ढकलायचा. बॉल कडेला चिकटला की ठोकळा मागे बसेना, मग लोक काठी उलटी धरून शेपटीनं मारू लागले. पुढे शेपटीच खरी काठी झाली. पण बायकांनी जुनी गदाच वापरावी, नाहीतर टेबलावरचं कापड फाटेल, असा समज बराच काळ टिकला. पुरुषांच्या हातून किती कापडं फाटली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही! आणि अमेरिकेत या आधारकाठीला 'बायकांची मदत' असं हिणवणारं नाव पडलं. आजही पोरं काठी घ्यायला लाजतात, तिरपी होऊन, एका बोटावर उभी राहून मारतात आणि सोपा बॉल घालवतात.

नियम मात्र लाजत नाही. पूलच्या जागतिक नियमांत स्पष्ट आहे की खेळाडूला एका शॉटसाठी दोन ब्रिजपर्यंत वापरता येतात, आणि ते कसे मांडायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकावर एक ठेवून उंची साधली तरी चालतं. स्वतःचा ब्रिजही आणता येतो, फक्त तो नेहमीच्या ब्रिजसारखा हवा. ही शेवटची अट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. हात पुरावा एवढीच सवलत आहे, नेम धरून देणारं यंत्र आणायची नाही.

खरी मजा स्नूकरच्या नियमात आहे. समजा, शॉट घेताना रेस्टचं डोकं निखळलं आणि बॉलवर पडलं. फाऊल कुणाचा? स्नूकरचा नियम विचारतो, काठी कुणाची होती? तुम्ही स्वतः आणलेली असेल, किंवा मित्राकडून मागून घेतलेली असेल, तर जबाबदारी तुमची आणि दंडही तुमचा, निदान ४ गुण. पण टेबलापाशी नेहमी असणारी, किंवा पंचानं दिलेली काठी सदोष निघाली, तर फाऊल नाही. पंच बॉल जागेवर ठेवतो आणि तुमचा डाव पुढे चालू. एक मात्र लक्षात ठेवा. काठी चांगली असून तुमच्याच हातून बॉलला लागली, तर ती कुणाचीही असो, फाऊल तुमचाच. काठी ठेवायची तुम्ही आणि उचलायचीही तुम्हीच.

लहान गावातून स्पर्धेला गेलेल्या पोराला हे माहीत नसतं. तो घाबरून शेजारच्याची काठी मागतो, आणि मागितलेल्या काठीचा दोष त्याच्याच माथी बसतो. म्हणून आम्ही सांगू, टेबलाची काठी घ्या. घेण्याआधी डोकं हातानं फिरवून बघा. सैल लागलं तर खेळायच्या आधीच पंचाला दाखवा.