सोंग घेणें आणि सोंग रचणें

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठावर घणसोली हें आगरी-कोळी लोकांचें जुनें गांव आहे. भातशेती, मिठागरें आणि खाडींतील मासळी यांवर या पट्ट्यांतील गांवांचा संसार चालत असे. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली, ठाणें व तेव्हांचा कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या परिसरांत नवी मुंबई वसविण्याचें ठरलें, आणि कालांतरानें घणसोलीच्या शेतांवरही वसाहतीचे भूखंड पडले. २००४ सालीं ठाणें-वाशी लोहमार्ग सुरू होऊन गांवाच्या नांवाचें स्थानक झालें. आज या नांवाला आणखी एक महत्त्व आलें आहे. ठाणें-बेलापूर रस्त्यालगत घणसोली येथें रिलायन्सचें विस्तीर्ण कार्यालय-संकुल असून, ५ सप्टेंबर २०१६ रोजीं देशभर सुरू झालेल्या जिओ या दूरसंचार-सेवेचा कारभार तेथून चालतो.

या सेवेमागोमाग इंटरनेटचे दर झपाट्यानें उतरले, आणि ज्या घरांत संगणक कधीं आला नव्हता त्या घरांतील मुलांच्या हातींही मोबाइलवरील व्हिडिओ गेम आले. खेळणारांची एवढी मोठी पिढी या देशांत पूर्वीं झाली नव्हती. प्रश्न आहे तो असा कीं, या खेळणारांतून खेळ रचणारे निपजावयाचे तर ते कशानें निपजतील? रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ, याच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर फार स्पष्ट दिसतें. कारण हा प्रकार आरंभापासून हौशी मंडळींनींच वाढविलेला आहे.

भूमिका घेऊन खेळण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाहीं. बहुरूपी दारीं येऊन आज शिपायाचें तर उद्यां साधूचें सोंग आणी. कोंकणांत शिमग्याला संकासुर नाचतो. दक्षिण कोंकणांतील दशावतारी नाटकाची तऱ्हा तर विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. तेथें आख्यान ठरलेलें असतें, परंतु संवाद लिहिलेले नसतात. नट ते आयत्या वेळीं रचतो. म्हणजे सोंग घेणारा तेथें अर्धा ग्रंथकारही असतो. नेमकी हीच गोष्ट पुढें अमेरिकेंत एका निराळ्याच मार्गानें घडून आली.

१९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. दोघेही युद्धाचे पटखेळ खेळणारे हौशी गृहस्थ होते. गायगॅक्स यानें विमा कंपनींत नोकरी केली होती आणि पुढें जोडे दुरुस्त करून तो प्रपंच चालवीत असे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,००० होत्या. या खेळांत प्रत्येक जण एक पात्र घेतो. त्या पात्राचें बळ, चातुर्य, प्रकृति हीं सारीं फांसे टाकून आंकड्यांत ठरवितात, आणि मंडळींतील एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो. दार उघडावें कीं नाहीं, राक्षसाशीं लढावें कीं बोलणें लावावें, हें खेळणारा ठरवितो. त्यांत यश येईल कीं नाहीं, हें फांसा ठरवितो. आंकड्यांचा हिशेब हा या खेळाचा सांगाडा असल्यामुळें तो संगणकावर चढविणें ओघानेंच आलें.

तें कामही प्रथम विद्यार्थ्यांनीं केलें. रिचर्ड गॅरियट हा टेक्सासमधील शाळकरी मुलगा. त्यानें ॲपल संगणकावर ‘अकालाबेथ’ हा खेळ लिहिला, आणि त्याच्या पहिल्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून एका दुकानांत विक्रीस ठेवण्यांत आल्या. १९८१ सालीं त्याचाच ‘अल्टिमा’ निघाला व पुढील अनेक खेळांना तो नमुना झाला.

जपानांत या हौसेला संस्थेचें पाठबळ मिळालें. १९८२ सालीं एनिक्स या कंपनीनें खेळ लिहिणारांची खुली स्पर्धा लावली. पारितोषिक मिळविणारांत मासिकांतून लेखन करणारा युजी होरी होता, तसाच शाळेंत शिकणारा कोइची नाकामुरा होता. या दोघांच्या सहकार्यानें १९८६ सालीं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ तयार झाला, आणि जपानांतील घराघरांत भूमिकेचा खेळ पोंचला. एका स्पर्धेनें दोन अनोळखी माणसें एकत्र आणलीं नसतीं, तर हा इतिहास कदाचित् वेगळा झाला असता.

तरीही खेळ रचावयाचा म्हणजे संगणकाची भाषा शिकणें भाग होतें. ही अडचण दूर करण्याचा मोठा प्रयत्न १९९२ सालीं झाला. अस्की या जपानी कंपनीनें ‘आरपीजी त्सुकुरू’ नांवाचें साधन विक्रीस आणलें. त्सुकुरू या शब्दाचा अर्थच ‘बनविणें’ असा आहे. त्यांत नकाशा चौकोनी तुकड्यांचा असतो. फरशी बसवावी तसे गवताचे, पाण्याचे, भिंतीचे तुकडे मांडले कीं गांव उभें राहतें. मग पात्रें ठेवावयाचीं, त्यांचीं वाक्यें लिहावयाचीं आणि अटी घालावयाच्या: म्हातारीशीं बोलणें झालें असेल तरच वेशीचा दरवाजा उघडेल, कंदील मिळाला असेल तरच भुयारांत जातां येईल. ज्याला गोष्ट सांगतां येते त्याला खेळ रचतां यावा, ही त्यामागील दृष्टि होती. १९९६ सालचा ‘कॉर्प्स पार्टी’ हा भयकथेचा खेळ अशाच साधनानें हौसेखातर बनविला गेला व नंतर व्यावसायिक रूपांत पुनः निघाला. २०११ सालीं कॅनडांतील कान गाओ यानें याच कुळांतील साधन वापरून ‘टू द मून’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत लढाई जवळजवळ नाहींच. मरणोन्मुख वृद्धाची चंद्रावर जाण्याची इच्छा त्याच्या स्मृतींतच पूर्ण करूं पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची ती कथा आहे.

महाराष्ट्राला या साऱ्याचा अर्थ चटकन् उमगावा. १९५४ सालीं सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनें हौशी रंगभूमीला हेंच दिलें: एक ठरलेली तारीख, एक रंगमंच आणि परीक्षक. कचेरींतून सुटून तालमीला जाणारा कारकून त्यामुळें नट झाला, नाटककार झाला. खेळांच्या बाबतींत असें कार्य २००९ पासून भरणारी ‘ग्लोबल गेम जॅम’ कांहीं अंशीं करीत आहे. तींत जगभर ठिकठिकाणीं मंडळी जमून ४८ तासांत एकेक खेळ उभा करतात.

भारतांत असे प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. भोपाळच्या पायरोडॅक्टिल या लहानशा मंडळीनें २०१४ सालीं ‘अनरेस्ट’ हा भूमिकेचा खेळ काढला. दुष्काळानें गांजलेलें एक काल्पनिक प्राचीन नगर त्यांत आहे, आणि खेळणाऱ्याला तेथें खेड्यांतील मुलीचीही भूमिका घ्यावी लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेचा ‘राजी’ हा काटेकोर अर्थानें या जातीचा खेळ नव्हे. तो साहसाचा खेळ आहे. परंतु त्याची कथा बोधप्रद आहे. २०१७ सालीं त्यासाठीं लोकवर्गणी मागितली ती पुरी पडली नाहीं. तथापि कर्त्यांनीं काम सोडलें नाहीं. २०२० सालीं खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें पदार्पणाच्या उत्तम स्वतंत्र खेळांच्या यादींत त्याचें नांव झळकलें.

मराठींत खेळ रचूं पाहणाऱ्यापुढें मात्र दोन खास अडचणी उभ्या राहिल्या. पहिली यंत्राची. मोबाइलवर खेळणें सोपें; रचण्याचें काम बहुधा मोठा पडदा, कळफलक आणि निवांत बैठक मागतें. दुसरी अडचण लिपीची. बहुतेक साधनें रोमन अक्षरांसारखीं एकामागून एक सुटीं अक्षरें मांडण्यासाठीं घडविलेलीं होतीं. देवनागरींत ऱ्हस्व इकार उच्चारांत व्यंजनानंतर येतो, पण लिहितांना आधीं काढावा लागतो. जोडाक्षरांत दोन अक्षरें मिळून तिसराच आकार होतो. त्यामुळें पडद्यावर मराठी वाक्य मोडकें दिसे. आतां ही वाट पुष्कळ मोकळी झाली आहे. विनामूल्य मिळणाऱ्या ‘गोडो’ या साधनाच्या मार्च २०२३ मधील चौथ्या आवृत्तीनें अशा लिप्यांची योग्य जुळणी करण्याची सोय दिली. नुसत्या शब्दांतून शाखा फुटणाऱ्या कथा रचण्याचें २००९ सालचें ‘ट्वाइन’ हेंही फुकट असून ब्राउझरमध्येंच चालत असल्यामुळें देवनागरी नीट दाखवितें.

खेळ म्हटला कीं पालकांच्या मनांत शंका येते, आणि ती निराधार नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनीं अनेक घरें अडचणींत आणल्यामुळेंच ऑगस्ट २०२५ मध्यें केंद्र सरकारनें कायद्यानें त्यांवर बंदी घातली. परंतु पैसे लावणारा आणि खेळ रचणारा यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. रचणाऱ्याला कथा जुळवावी लागते, चित्रें काढावीं लागतात, हिशेब मांडावा लागतो, आणि दुसरा माणूस कोठें अडेल याचा विचार करावा लागतो. यांतील एकही शिक्षण वायां जाणारें नव्हे.

घणसोलीसारख्या गांवाच्या दृष्टीनें तर याला आणखी अर्थ आहे. मिठागराचे बांध, खाडीची भरती-ओहोटी, शेतांतून जाणारी पायवाट, आगरी बोलींतील हांका हें सारें वडीलधाऱ्या माणसांना आठवतें; सिडकोच्या नकाशावर तें उमटत नाहीं. चौकोनी तुकडे मांडून गांव उभें करणारें साधन अशा स्मरणांना पुनः चालतां-फिरतां येईल अशी जागा देऊं शकतें. नातवानें प्रश्न विचारावे, आजीनें बांध कोठें होता तें सांगावें, आणि तो बांध ओलांडतांना भरतीची वेळ पाहण्याची अट खेळांत यावी, इतका साधा हा आरंभ आहे. इंटरनेट स्वस्त झाल्यानें खेळणारे लाखोंनीं वाढले. रचणारे वाढावयाचे तर त्यांना साधन, स्पर्धा आणि घरांतून थोडें उत्तेजन लागतें. पहिलें आतां फुकट मिळतें. उरलेलीं दोन समाजानें द्यावयाचीं आहेत.